कचारगडची जंगो रायताड

माघ पौर्णिमेला आपण सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या जत्रेला जातो. धनेगावहून डोंगर चढतो, गुहेत हात जोडतो, उतरतो. पण गोंडी कथा ठाऊक आहे का? काली कंकालीची 33 लेकरं या गुहेत कोंडली होती, तोंडावर भला मोठा दगड. पारी कुपार लिंगोनं त्यांना सोडवलं. दगड सरकवताना संगीतकार हिरासुका जिवानिशी गेला. जंगो रायताडनं पोटची नसलेली ही लेकरं सांभाळली. आम्हाला लिंगोइतकीच ती मोठी वाटते.

म्हाताऱ्या हे गोंडीत गातात. आमच्या पोरींना गोंडी कळत नाही. म्हणून यंदा जत्रेत गटाचं चहाचं दुकान लावू, आणि दोघीजणी वही घेऊन आजींजवळ बसू.