पहिलीच्या आधीचं शिक्षण

पहिलीत जाणाऱ्या मुलाला काय यायला हवं, असं विचारलं की बहुतेक घरांतून उत्तर येतं, मुळाक्षरं आणि शंभरपर्यंत आकडे. म्हणून चार वर्षांच्या मुलाकडून आपण पानंच्या पानं गिरवून घेतो. या वयात मनगटाची हाडंही पुरती तयार झालेली नसतात. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूल ‘सात चिंचोके दे’ म्हटल्यावर कितीदा तरी अडखळतं. आकड्यांची नावं त्याला पाठ असतात, मोजणं आलेलं नसतं.

याहून वेगळी वाट आपल्याकडे जुनीच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसोबत काम केलं. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ ती हीच.

बिया निवडताना मूल सारखेपणा ओळखतं, मणी ओवताना बोटं पेन्सिलीसाठी तयार होतात. पण मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात त्या गप्पा. गोष्ट मध्येच थांबवून ‘आता ससा काय करेल?’ असं विचारा. मूल अंदाज बांधतं, कारण सांगतं, लांब वाक्य जुळवतं. ‘कमळ’ आणि ‘कणीस’ यांचा पहिला आवाज एकच, हे कानाला कळलं की ‘क’ हे अक्षर जड जात नाही. या गप्पा घरच्या बोलीत व्हायला हव्यात. बोली तोडली की मूल गप्प बसतं, आणि गप्प मुलाला काय येतं ते कुणालाच कळत नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच टप्पा मानला आणि खेळातून शिकण्यावर भर दिला, हे चांगलंच झालं. अडचण वेळेची आहे. आहार, वजनं, लसीकरण, नोंदवह्या हे सगळं अंगणवाडीताईंच्याच माथी. दिवसातले दोन तास तरी त्यांना फक्त मुलांसाठी मिळायला हवेत.

आणि जूनमध्ये पहिलीच्या बाईंनी ताईंची एकदा भेट घ्यावी. कोणतं मूल घरी कोणती बोली बोलतं, कोण गोष्टीत रमतं, कुणाला अजून कात्री धरता येत नाही, हे ताईंना ठाऊक असतं. ते विचारून घ्यावं, आणि मगच पुस्तक उघडावं.