दारूबंदीला उपचाराची जोड



जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या डॉ. अभय बंग यांनी दारूचा प्रश्न संशोधकाच्या दृष्टीने अभ्यासिला. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरातील बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठलीही. गडचिरोलीत मात्र २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ने बंदीला जनजागृती, गावसंघटना व व्यसनोपचार यांची जोड दिली.

मी वाणिज्य शाखेचा. मला त्यातील उपचाराचाच रकाना मोलाचा वाटतो. आपल्या छत्रपती संभाजीनगरात बंदी नाही. यकृतावर उपचार करून व्यसनी रुग्णास तसेच घरी धाडणे म्हणजे तोच खर्च पुढील वर्षी पुन्हा नावे टाकणे होय. तेव्हा व्यसनोपचारासाठी दोन खाटा, एक समुपदेशक आणि रुग्णाच्या पत्नीस निःसंकोच बोलता येईल अशी एक स्वतंत्र खोली, एवढा प्रस्ताव आपणांपुढे मंजुरीसाठी ठेवीत आहे.