खडू धरणारा हातही कामगाराचाच



आम्ही कारखान्याच्या दारात शिकलो. शिक्षकांना शिकवण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण कांजूरमार्गच्या एका कामगाराची बी.एड. झालेली लेक आखातातल्या शाळेत नोकरी शोधत होती. एजंटाने दीड लाख मागितले, पावतीविना. आईने पाटल्या काढून ठेवल्या, तेव्हा बाप आमच्याकडे आला.

आम्ही म्हणालो, पाटल्या आधी हातात घाला. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे नोंदलेल्या एजंटालाच परदेशासाठी भरती करता येते. त्याने घ्यायचे ते जास्तीत जास्त ३० हजार रुपये व वर कर; आणि पावती द्यायची. पदवीच्या कागदांवरचे शिक्के आधीच करून घ्यावेत. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. जो देश त्यात नाही, त्याच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. पगार, घर, परतीचे तिकीट, सोडण्याची मुदत हे सारे करारात लेखी हवे.

मुलीने पावती मागितली. एजंट पुन्हा फिरकला नाही. तिने शाळेलाच सरळ अर्ज धाडला. उत्तर यायचे आहे. पण पाटल्या आईच्या हातात आहेत.

मंडळी, खडू धरणारा हातही कामगाराचाच. सही करण्यापूर्वी वाचा, आणि एकट्याने वाचू नका.