किरकोळ आणि किरुकुळ
(गणेशोत्सवात केलेले भाषण)

बंगळुरूतल्या माझ्या मराठी व कन्नडिग मित्रमैत्रिणींनो,

उत्सवाच्या जमाखर्चात शेवटची ओळ बहुधा 'किरकोळ खर्च' अशी असते. दूर्वा, कापूर, वाती, आगपेटी, ऐनवेळी आणलेली सुतळी, सगळं त्या एका ओळीत मावतं. (सभेत सर्वांत जास्त प्रश्न याच ओळीवर येतात, हा भाग वेगळा!) आज मला या शब्दाबद्दल बोलायचं आहे.

मराठीत तो कुठे नाही? बाजारात घाऊकच्या समोर किरकोळ विक्री, कचेरीत किरकोळ रजा, वर्तमानपत्रात 'दोघे किरकोळ जखमी', आणि एखादा माणूस अंगानेच किरकोळ. इतका घरचा शब्द, पण तो आला आहे कन्नडमधून. अण्णा, अक्का ज्या वाटेने आले त्याच वाटेने. मूळ शब्द 'किरुकुळ'. त्यातला 'किरु' म्हणजे लहान. इथे राहून आपण तो रोज ऐकतो: करंगळी ती 'किरुबेरळु', स्मित ते 'किरुनगे', लघुपट तो 'किरुचित्र'. तमिळमध्ये हाच 'सिरु', तेलुगूत 'चिरु'. कन्नडने जुना 'क' सोडला नाही, एवढंच. कानाचंही तसंच. कन्नडमध्ये 'किवि', तमिळमध्ये 'सेवि', तेलुगूत 'चेवि'.

क्षुल्लक, हलकं हा त्या शब्दाचा जुना अर्थ. तो आपण उचलला आणि जपला. कन्नडमध्ये मात्र शब्द पुढे सरकला. तिथे किरकोळ विक्रीला आज 'चिल्लरे' म्हणतात, म्हणजे आपली चिल्लर! आणि 'किरुकुळ' म्हणजे त्रास, जाच, छळ. कन्नड वर्तमानपत्र उघडा. 'वरदक्षिणे किरुकुळ' म्हणजे हुंड्यासाठी छळ. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 साली कायदा झाला; त्यातल्या छळालाही कन्नडमध्ये 'किरुकुळ' हाच शब्द.

लहान या अर्थावरून शब्द छळापर्यंत कसा पोचला असेल? मला तरी यात नवल वाटत नाही. सासरी जाच होतो तो बहुधा मोठ्या घटनांनी सुरू होत नाही. भाजीतलं मीठ, माहेरचा फोन, आणलेल्या साडीचा पोत, अशाच गोष्टींनी तो होतो. कचेरीतही एखादा शेरा, एखादा नको असलेला स्पर्श, उशिरा रात्री आलेला निरोप. एकेक सुटा सांगायला गेलं तर ऐकणारा म्हणतो, 'अगं, किरकोळ आहे, सोडून दे.' सांगणारीलाही मग आपलंच काही चुकतंय असं वाटायला लागतं.

आपली पंचाईत अशी की कान मराठी आणि गाव कन्नड. घरी कामाला येणाऱ्या अक्का किंवा कचेरीतली सहकारी 'किरुकुळ' म्हणाली, तर आपल्याला 'किरकोळ' ऐकू येण्याचा संभव फार. त्या मात्र छळाबद्दल बोलत असतात.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. विसर्जनाच्या गर्दीत आपले स्वयंसेवक उभे असतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना कन्नड जेमतेम येतं. त्यांना एवढा एक शब्द अर्थासह आधी सांगून ठेवा. आणि मांडवात कुणा मुलीने तो उच्चारला, तर ढोल थांबले तरी चालतील, पण आधी तिचं म्हणणं पुरतं ऐकून घ्या.



गणपती बाप्पा मोरया!