टाळेबंदीतील घर आणि मुलांचा खेळ

(एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



‘टाळेबंदी’ हा शब्द कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला नवा नाही. मालकाने कारखान्याच्या फाटकाला कुलूप लावायचे आणि कामगाराला बाहेर ठेवून त्याची चूल विझवायची, हा त्याचा जुना अर्थ. २०२० च्या मार्च महिन्यात या शब्दाने आपली जागा बदलली. कुलूप फाटकावरून घराच्या दारावर आले, आणि माणसे बाहेर राहण्याऐवजी आत कोंडली गेली. शाळा आधीच बंद झाल्या होत्या. २२ मार्चचा जनता कर्फ्यू थाळ्या वाजवण्यात गेला. मुलांना ती एक गंमतच वाटली, कारण एरवी थाळी वाजवली की पाठीत धपाटा बसतो! २५ मार्चपासून मात्र सारा देश बंद झाला आणि मुलांची गंमत तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपली.

त्या दिवसांत वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून पालकांना उपदेश करणाऱ्या लेखांचे पीक आले होते. मुलांना वेळ द्या, त्यांच्याबरोबर खेळा, घर आनंदी ठेवा, घरातला एक कोपरा केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवा, असा त्यांचा सूर होता. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या उपदेशाने एक गोष्ट गृहीत धरली होती. घरातला आनंद हा आईबापांच्या सद्बुद्धीचा प्रश्न आहे, ज्यांना ती आहे त्यांची मुले हसतील आणि ज्यांना नाही त्यांची रडतील, असे ते गृहीत होते. वस्तुतः आनंदालाही जागा लागते, वेळ लागतो, आणि कोणाचे तरी श्रम लागतात. या तिन्ही गोष्टींची वाटणी समाजात कशी झाली आहे, हा अर्थशास्त्राचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे.

जागेचेच पाहा. मुंबईच्या बीडीडी चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तिच्या एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात ओटा, तिसऱ्यात कपाटावर रचलेल्या ट्रंका, आणि चौथ्यात कोणीतरी आजारी किंवा म्हातारे माणूस. मुलांसाठी राखायचा तो कोपरा पाचवा म्हणावा लागेल! ही परिस्थिती अपवादात्मक नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ३७.१ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती, आणि ३.९ टक्के कुटुंबांना स्वतःची अशी एक खोलीही नव्हती. अशा घरातील मूल घरात केवळ झोपते. वाढते ते गॅलरीत, जिन्यावर, गल्लीत आणि नळावर. घराबाहेर पडू नका असे शासनाने सांगितले तेव्हा मोठ्या माणसांचे बाहेर जाणे थांबले. या मुलांचे मात्र अर्धे घरच काढून घेतले गेले. आवश्यक उपाय म्हणून ते मान्य करता येईल. पण कोणाकडून काय घेतले, याचा हिशेब तरी प्रामाणिकपणे मांडला पाहिजे.

ज्यांना १६० चौरस फूटही नव्हते, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. राज्यातील लाखाहून अधिक ऊसतोड मजूर हंगाम संपत असता साखर कारखान्यांच्या परिसरात पालांमध्ये अडकून पडले होते. १७ एप्रिलला त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. त्या पालांतील मुलांसाठी कोणत्याही पुरवणीत लेख नव्हता.

आणि तरीही त्या दिवसांत घराघरांतून हसण्याचे आवाज आले, हे नाकारणे खोटेपणाचे होईल. चाळींतून, वाड्यांतून, तालुक्याच्या गावांतून विस्मृतीत गेलेले खेळ बाहेर निघाले. आजीच्या डब्यातले सागरगोटे निघाले. चिंचेचा हंगाम होता, तेव्हा चिंचोके मधोमध फोडून त्यांचे फासे झाले आणि फरशीवर खडूने पट आखला गेला. बदामसात, झब्बू आणि पाच-तीन-दोन यांच्यावरून भांडणे झाली. चादरी बांधून तंबू उभे राहिले. दिवे गेले की मेणबत्तीच्या उजेडात भिंतीवर हरणे आणि ससे उमटले. जुना व्यापाराचा डाव काढून दहा वर्षांच्या मुलांनी मुंबईतले मोक्याचे भूखंड विकत घेतले. मोठेपणी ते त्यांना शक्य होणार नाही, हा भाग वेगळा! २८ मार्चपासून दूरदर्शनने ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवायला आरंभ केला, तेव्हा तीन पिढ्या एका पडद्यासमोर बसल्या. पडद्यावरच्या बाणांपेक्षा खराट्याच्या काड्यांचे बाण अधिक दिवस टिकले.

एप्रिल-मे हा वाळवणाचा काळ. एरवी शहरातील मध्यमवर्गीय घरांत पापड-कुरडया विकतच येतात. त्या वर्षी अनेक घरांत त्या घरी झाल्या. गच्चीवर साडी अंथरून कावळे हाकलण्याचे काम मुलांकडे आले, आणि अर्धे ओले सांडगे त्यांच्या पोटात गेले. पापडाची तेलात बुडवलेली लाटी खाण्याचा आनंद ज्यांनी पूर्वी घेतलेला नव्हता त्यांनी तो घेतला. येथे एक गोष्ट ध्यानात येते. मुलांना रमवण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमांपेक्षा घरातल्या खऱ्या कामात मिळालेला वाटा मुलांना अधिक आवडला. नुसते ‘खेळ जा’ म्हटले की मूल रुसते, आणि ‘ही कणीक तू भिजव’ म्हटले की ते ओट्याशी उड्या मारते. कणीक सैल होते, ओटा पांढरा होतो, पण मूल त्या दिवशी घरातील एक माणूस होते.

या शहाणपणाला महाराष्ट्रात जुना वारसा आहे. १९४५ साली ताराबाई मोडक शहरातील बालशिक्षणाचे काम मागे ठेवून बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडी माँटेसरी साधने खेड्यात परवडणार नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मूल बालवाडीत येत नाही असे दिसताच बालवाडी मुलाच्या अंगणात गेली, आणि ‘अंगणवाडी’ या शब्दाला अर्थ मिळाला. पुढे कोसबाडच्या परिसरात वारल्यांची मुले गुरे घेऊन रानात जात, म्हणून शाळाही त्यांच्यामागे कुरणात गेली. मूल जेथे आहे तेथे जे आहे त्यातून आनंद आणि शिक्षण उभे करायचे, हे त्या दोघींनी विषाणू येण्याच्या पाऊणशे वर्षे आधी करून दाखवले होते.

आता वेळेकडे वळू. त्या दिवसांत कित्येक मुलांना आपल्या वडिलांची नव्याने ओळख झाली. डोंबिवली, विरार, बदलापूर येथून मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसाचे दिवसातले तीन तास लोकलमध्ये जातात. मूल उठण्यापूर्वी तो निघतो आणि ते झोपल्यावर परततो. रविवारी तो दमलेला असतो. असा बाप एप्रिलमध्ये मुलाशेजारी बसून पतंगाची शेपटी चिकटवू लागला, तेव्हा त्याची वृत्ती पालटली होती असे नाही. त्याला वेळ मिळाला होता. आठ तास काम, आठ तास विरंगुळा, आठ तास विश्रांती ही रॉबर्ट ओवेनपासूनची मागणी आहे. विरंगुळ्याच्या त्या आठ तासांत मुलांचा वाटा होता. प्रवासाने आणि जादा कामाने तो केव्हा खाल्ला, हे कोणाला कळलेही नाही.

आणि पाहा, पालकांनी मुलांशी खेळावे असा उपदेश सुरू असतानाच दुसरीकडे काय चालले होते? १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने अधिसूचना काढून कारखान्यातील कामाचा दिवस बारा तासांपर्यंत वाढवण्यास मुभा दिली आणि जादा तासांची दुप्पट मजुरीही काढून घेतली. इतर काही राज्यांनीही त्याच वाटेने पावले टाकली. उत्तर प्रदेशाला मे महिन्यात आपला आदेश मागे घ्यावा लागला. गुजरातची अधिसूचना १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण कामगार संघटना न्यायालयात गेल्या होत्या. बारा तास यंत्रापुढे उभा राहिलेला बाप घरी येऊन चिंचोक्यांचे फासे टाकील, ही अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा ती पाळी स्वतः भरून पाहावी. कामगार संघटनेने न्यायालयात लढवलेला तो खटला मुलांच्या खेळण्याचाही खटला होता. चळवळीने त्याकडे त्या दृष्टीने पाहिले नाही, ही चळवळीची उणीव म्हणावी लागेल.

पण बापाच्या पतंगाचे कौतुक करताना पतंगाला लागलेली खळ कोणी शिजवली, हेही विचारले पाहिजे. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्ये एक कोडे घातले होते. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर ती तेच काम तितकेच करीत असूनही देशाचे राष्ट्रीय उत्पन्न घटते. शंभर वर्षांनंतर टाळेबंदीने हे कोडे घरोघरी घातले. शाळा बंद, कचेरी घरात, धुणेभांडी करणाऱ्या बाईला सोसायटीच्या फाटकातून प्रवेश नाही. ते सारे काम घरातील स्त्रीच्या अंगावर आले आणि हिशेबात कोठेही दिसले नाही. साथीपूर्वीच, २०१९ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात असे आढळले होते की, घरच्यांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर ते करणारे पुरुष ९७ मिनिटे. असे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच मुळात शंभरात २६ होते. सर्व माणसे चोवीस तास घरात असताना ही मिनिटे कोठवर गेली असतील, याची कल्पना प्रत्येक स्वयंपाकघराला आहे. घरी केलेली जिलबी, घरी केलेली पाणीपुरी, कुकरमधला केक यांची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्यानंतरच्या भांड्यांच्या ढिगाचे छायाचित्र कोणी काढले नाही. ज्या घरात पुरुषाने आणि मुलग्याने तो ढीग वाटून घेतला, त्या घरात सुट्टीचा आनंद आईलाही मिळाला. अशी घरे होती. ती फार थोडी होती.

आणि फाटकावर अडवलेली ती बाई? तिची मुलेही घरीच होती. ज्या घरांनी तिला न बोलावताही पगार दिला त्या घरांनी तिच्या मुलांच्या ताटात काहीतरी वाढले. ज्यांनी दिला नाही, त्यांनी स्वतःच्या मुलांना सामायिक जीवनाचा कोणता धडा दिला, ते सांगण्याची गरज नाही.

मुलांशी शासन कसे बोलते, हाही यातला एक भाग आहे. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी १६ मार्च २०२० रोजी केवळ मुलांसाठी पत्रकार परिषद घेतली, मुलांचे प्रश्न ऐकले आणि भीती वाटणे चुकीचे नाही असे त्यांना सांगितले. स्पेनमध्ये याच्या उलट घडले. तेथे १४ मार्चपासून मुले घरात बंद झाली. कुत्र्याला फिरवायला बाहेर पडण्याची मुभा होती, पण मुलाला फिरवायला नव्हती. पालकांनी आवाज उठवल्यावर २६ एप्रिलपासून चौदा वर्षांखालील मुलांना दिवसातून एक तास, एका मोठ्या माणसाबरोबर, घरापासून एक किलोमीटरपर्यंत जाता येऊ लागले. भारतात मुलांना असा एक तास कोणी नावानिशी दिला नाही. महाराष्ट्रात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारूची दुकाने उघडू लागली. जूनच्या आरंभी मैदाने चालण्याधावण्यासाठी खुली झाली, परंतु बागांतले झोपाळे आणि खेळाची साधने बंद राहिली. ऑगस्टमध्ये मॉल उघडले. शहरांतील पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र शाळेत पाऊल टाकण्यासाठी डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावे लागले. या क्रमावरून समाजाच्या यादीत मूल कितव्या स्थानी आहे ते दिसते. ज्याच्याकडे मत नाही आणि खिशात पैसा नाही त्याचा क्रमांक शेवटचा.

मोबाइलने ही पोकळी भरून काढली असे मानणारे पुष्कळ आहेत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे इंटरनेटची सोय देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडेच होती. ग्रामीण भागात तर १५ टक्क्यांकडे. पुढील दोन वर्षांत हा आकडा वाढला असेल असे धरले, तरी एका घरात एक फोन, तोही बापाच्या खिशात, आणि तीन मुले, हे चित्र बदलत नाही. म्हणून साध्या मार्गांचे महत्त्व अधिक. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. बालभारतीच्या पुस्तकांतला विषय घरातल्या आणि परसातल्या वस्तूंशी, आईबापांशी गप्पा मारीत कसा शिकावा, हे तिने दाखवले. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये, वस्त्रोद्योगात राबणाऱ्यांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले. मुले अंतर राखून गल्लीतून हिंडत, या भिंतीवरून त्या भिंतीवर जात, अक्षरे आणि आकडे वाचू लागली. ताराबाईंची अंगणवाडी तेथे भिंतीवर चढली होती. त्या मुलांना घरातून बाहेर पडण्यासाठी एक सन्मान्य कारण मिळाले, हा त्यातला लाभ धड्यांहून लहान नव्हता.

मुलांना विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचे ३१ वे कलम सांगते. भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. मुंबईत दर माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. म्हणजे एक सतरंजीही धड अंथरता येणार नाही. पुढची साथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. पूर आणि उष्णतेच्या लाटा तर दरवर्षी येतात, आणि प्रत्येक वेळी शाळा प्रथम बंद होतात. तेव्हा नगरपालिकांकडे आजच काही मागण्या गेल्या पाहिजेत. संकटकाळाच्या आराखड्यात वस्तीवार, पाळीपाळीने, मुलांचा मैदानावरचा एक तास लिहिलेला असावा. शाळा बंद असताना शिजवलेल्या खिचडीच्या जागी मिळणारा कोरडा शिधा पहिल्या आठवड्यातच घरी पोचावा. घरकामगार स्त्रियांना बंदकाळात भत्ता मिळावा. आणि सार्वजनिक शाळांची जी मैदाने आज संध्याकाळी कुलूपबंद असतात, त्यांची किल्ली वस्तीतील पालकांच्या समितीकडे असावी. ही शेवटची मागणी मान्य करायला साथीची वाट पाहावी लागत नाही आणि पैसाही लागत नाही. येत्या पालिका निवडणुकीत उमेदवार दारात येतील तेव्हा त्यांना प्रथम ही किल्ली मागावी.