अनाथ कोणास म्हणावे?



महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली आणि त्याच्या पहिल्या वसाहतींत ही आपली वागळे इस्टेट उभी राहिली. पुढे येथील कितीतरी कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. परंतु किसननगरातून, श्रीनगरातून कामाला निघणाऱ्या बाईचा प्रश्न मात्र जुनाच राहिला. तान्हे मूल ठेवावे कुणापाशी? मुलांच्या व्यापाराचा विचार आम्ही या प्रश्नापासून करतो. मूल पळविणारा चोर आपण ओळखतो. परंतु हा व्यापार मदतीला धावून आलेल्या माणसाच्या रूपानेही येतो, आणि त्याला ओळखणे कठीण असते.

अमेरिकेतील मेंफिस शहरी जॉर्जिया टॅन नावाची बाई अनाथ मुलांची संस्था चालवीत असे. समाजात तिला मोठा मान होता. गरीब आयांना फसवून, धमकावून मुले घ्यावयाची आणि दूरच्या श्रीमंतांना भरमसाट पैसे घेऊन द्यावयाची, हा तिचा उद्योग वर्षानुवर्षे चालला. १९५० साली सरकारी चौकशी जाहीर झाली आणि त्याच महिन्यात ती वारली. शिक्षा तिला झालीच नाही.

आपल्याकडे परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलांबद्दल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. त्यावर १९८४ साली न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय देऊन अशा दत्तकाचे नियम घालून दिले. पुढे १९९० साली केंद्रीय दत्तक यंत्रणा स्थापन झाली. तरीही २०१० साली पुण्यातील ‘प्रीत मंदिर’ या संस्थेच्या दत्तक-व्यवहारांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाने करावा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयास द्यावा लागला. पालकांची दिशाभूल करून मुले मिळविली आणि दत्तक घेणाऱ्यांकडून वाजवीपेक्षा अधिक पैसे घेतले, असे ते आरोप होते.

नियम असताना असे आरोप व्हावेत, याचे कारण या व्यवहाराच्या रीतीत आहे. येथे मूल कागदावरून नाहीसे होते. ‘वसतिगृहात ठेवतो, शिकवितो’ असे सांगून निरक्षर आईचा अंगठा घेतला, की तो कागद त्यागपत्र ठरू शकतो. प्रसूतिगृहातील नोंदीत विकत घेणारीचेच नाव आई म्हणून घातले, की खरी आई उरतच नाही. आणि मुलाची किंमत ‘देणगी’ म्हणून वहीत चढली, की विक्रीला धर्मकार्याचे रूप येते. ज्याची आई जिवंत आहे ते मूल अशा रीतीने अनाथ केले जाते.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने यावर जो उपाय योजला आहे तो साधा आहे. सापडलेले मूल २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे आलेच पाहिजे. आईने आपण होऊन मूल सोडले, तरी ते समितीसमोर सोडावयाचे, आणि फेरविचारासाठी तिला दोन महिने द्यावयाचे. मूल विकणाऱ्यास व घेणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मूल ज्याच्या ताब्यात, त्यानेच विकले तर ती सात वर्षांपर्यंत जाते.

आमच्या मते या कायद्याचा प्राण ते दोन महिने आहेत. बाळंतपणाने थकलेली, नवऱ्याने टाकलेली किंवा कर्जात बुडालेली बाई पहिल्या आठवड्यात जे म्हणेल, ते तिचे अखेरचे म्हणणे नव्हे. दलाल घाई करतो ती एवढ्याचसाठी. ‘समितीकडे कशाला, आजच न्या’ असे कुणी म्हणाले, की समजावे, तेथे काहीतरी लपविले जात आहे.

तेव्हा आपण काय करावे? मूल हवे असेल त्यांनी सरकारी यादीत नाव नोंदवावे, थांबावे आणि प्रत्येक पैशाची पावती घ्यावी. अनाथालयास धान्य, कपडे, पैसे देणाऱ्यांनी नोंदणीचा दाखला पाहावा आणि येथील किती मुलांना आईबाप आहेत, ते भेटीस येतात काय, हे विचारावे. शेजारचे तान्हे मूल एकाएकी दिसेनासे झाले, तर १०९८ या क्रमांकावर कळवावे. चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही. तिची वही उघडीच असते.

आणि त्याही आधी, कामावर जाणाऱ्या बाईसाठी या वसाहतीत पाळणाघर हवे. मूल ठेवण्यास जागा असेल, तर ते सोडण्याची वेळ पुष्कळ आयांवर येणारच नाही.