कवड्या की मण्यार?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सूतगिरणीतला कामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं शिकलो ते वाचनालयात. समितीने "दोन शब्द बोला" म्हणलं, तेव्हा विषय मीच मागून घेतला.

मागच्या पावसाळ्यात आपल्या विहाराच्या बागेत विटांच्या ढिगातून साप निघाला. "मण्यार, मण्यार" असा गलका झाला आणि मी पोचेपर्यंत पोरांनी त्याचा चेंदा केला होता. पहिलं शील मी त्यांना ऐकवलं नाही. पोरं घाबरली होती.

मी तो मेलेला साप काठीने सरळ केला. अंग तपकिरी. मानेपासूनच पांढरट-पिवळट आडवे पट्टे, शेपटीकडे पुसट होत गेलेले. तो कवड्या होता. बिनविषारी, रात्री भिंतीवर चढून पाली खाणारा. मण्यारीचं याच्या उलट असतं. अंग काळं-निळं, चकचकीत. पांढऱ्या बारीक रेघा बहुधा जोडीजोडीने, डोक्याकडे नसतात किंवा नुसते ठिपके, आणि शेपटीकडे ठळक. पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असते, पण जिवंत सापाची ती रांग बघायला कुणी वाकू नये. मण्यारीच्या पिल्लाला पुढेही पट्टे दिसतात, तिथे चांगला माहीतगारही फसतो. तेव्हा शंका आली की मण्यारच समजा, लांब राहा, नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.

हे मी का सांगतोय? माझ्या मावसबहिणीचा मुलगा गावी जमिनीवर झोपला होता. पहाटे म्हणाला, पोट दुखतंय. अंगावर सूज नाही, रक्त नाही. घरच्यांनी ओवा चारला. मी तिथेच होतो. "थांबा, पडेल आराम," असं म्हणणारा मीच. दिवस वर आला तशा त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, थुंकी गिळवेना, मग श्वास अडकला. दवाखान्याच्या वाटेवरच गेला. अंथरूण झटकलं तर उशाखाली मण्यार. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, झोपलेल्याला कळतही नाही, हे मी नंतर वाचलं.

म्हणून भगिनींनो, खाली झोपणाऱ्याची मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. पहाटे अचानक पोटदुखी आणि पापण्या जड, असं दिसलं की १०८ ची गाडी बोलवून सरकारी रुग्णालय गाठा. आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नको. साप पकडून न्यायची खटपटही नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच इंजेक्शन चालतं, घोड्याच्या रक्तापासून केलेलं.

विटांचा ढीग अजून तिथेच आहे. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता तो हलवायचा आहे. बूट घालून या, फावडं आणा, आणि विटेखाली हात घालू नका.

जयभीम.